दुष्काळातला तेरावा महिना



काही म्हणी आपल्या तोंडात इतक्या मुरल्या आहेत की त्या उच्चारताना आपण काय बोललो, याचा विचार मनात येत नाही. घरात एक जण अंथरुणाला खिळलेला, त्यात दुसऱ्याचा पाय मोडला, की शेजारीण म्हणते, "काय बाई, दुष्काळात तेरावा महिना!" पगार थकला आणि त्याच आठवड्यात मुलाची फी भरायची आली, की शहरातला माणूसही हेच म्हणतो. त्याने दुष्काळ पाहिलेला नसतो. तेरावा महिना कोणता, हे त्याला विचारले तर सांगताही येणार नाही. तरी म्हण नेमक्या जागी बसते.

चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, पण एकेका शब्दापाशी थांबून त्याला प्रश्न विचारण्याची सवय काही गेली नाही. अभंगाचे चरण सोडवतो तशी ही म्हण सोडवून पाहावी, असे बरेच दिवस मनात होते. या म्हणीने एका घरात काय केले, ते मी पाहिले आहे. तेही पुढे सांगतो.

पहिली गोष्ट, ही म्हण आपल्या मातीतली आहे. इंग्रजांच्या भाषेत याच अर्थाची म्हण पावसावर आहे. संकटे एकामागून एक आली की तिकडे म्हणतात, पाऊस आला की धो धो कोसळतोच. तिकडच्या बोलीत पाऊस म्हणजे संकट. आपल्याकडे अतिवृष्टी, गारपीट नुकसान करतेच, पण संकटाचे मूळ नाव घ्यायचे झाले तर मराठी माणूस पावसाचे नाव घेत नाही, पाऊस न पडण्याचे घेतो. सह्याद्रीच्या पूर्वेला माण, सांगोला, मंगळवेढा, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात जो जन्मला, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता 'तेरावा महिना'. ऐकणाऱ्याला वाटेल, तेरावा म्हणजे मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाशी काही संबंध असेल. तसा तो नाही. हा तेरावा महिना म्हणजे अधिक मास. आपले महिने चंद्राचे. प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी चंद्र सूर्याच्या ११ दिवस पुढे पळतो. हे अंतर साठत साठत सरासरी ३२ महिने आणि १६ दिवसांनी एका महिन्याएवढे होते. तेव्हा आपल्या पूर्वजांनी चंद्राला थांबवले आणि एक महिना जादा धरला. ज्या चांद्र महिन्यात सूर्य राशी बदलत नाही, म्हणजे संक्रांत होत नाही, तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचे नाव द्यायचे. आधी अधिक आषाढ, मग निज आषाढ.

हा महिना धरला नसता तर काय झाले असते, ते वारकऱ्याने जरूर ध्यानात घ्यावे. आषाढी दर वर्षी ११ दिवस मागे सरकली असती. सोळा-सतरा वर्षांत ती पौषाच्या थंडीत जाऊन पडली असती. पेरणी करून माळकरी दिंडीत निघतो, वाटेत सरी झेलतो, रानात कोवळे पीक पाहत पंढरीला जातो, हे सगळे या तेराव्या महिन्यामुळे जागेवर राहिले आहे. म्हणीत ज्याची एवढी निंदा, तो महिना आपल्या वारीचा राखणदार आहे.

मग दुष्काळात तो इतका टोचतो का? येथे एक शंका उभी राहते आणि ती खरी शंका आहे. पाऊस काही तिथीने पडत नाही. तो सूर्याच्या नक्षत्रांनी पडतो. रोहिणी, मृग, आर्द्रा. मृग जूनच्या ७-८ तारखेला निघतो, अधिक महिना असो वा नसो. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचे दिवस तेवढेच. कणगीतले धान्य जेवढे दिवस पुरवायचे तेवढेच दिवस पुरवायचे. मग अधिक महिना आला म्हणून पोटाला एक दिवसही जास्त लागत नाही. असे असेल तर म्हण खोटी ठरते.

म्हण खोटी नाही. ज्याचे जगणे सूर्यावर आहे त्याला तेरावा महिना नसतो. ज्याचे जगणे महिन्यांच्या मोजणीवर आहे त्याला असतो. सालगडी पाहा. पाडव्याला साल धरायचे, पुढच्या पाडव्याला सुटायचे. मोबदला सालाचा ठरलेला. अधिक महिन्याच्या साली पाडवा ते पाडवा ३८४ दिवस होतात. राबणे तेरा महिन्यांचे, दाणे बाराचे. कर्ज काढलेला पाहा. माझ्या आजोबांच्या वेळी गावचा सावकार महिन्याने व्याज धरी, आणि अधिक महिन्याचे व्याज काही तो देवाला सोडत नसे. वाजंत्री, कासार, सोनार, मंडपवाला यांचे पाहा. अधिक महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे यांचा महिनाभर धंदा नाही. आणि लेकीचा बाप पाहा. गावाकडे या महिन्याचे नाव धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, लेकीला लुगडे घ्यायचे. सुकाळात हा केवढा आनंद! पण घरात जोंधळ्याचा दाणा नाही आणि गूळ, डाळ, तूप उधार आणायचे, तेव्हा तो खरोखरच छातीवरचा धोंडा होतो.

म्हणजे म्हणीत दुष्काळ आभाळाचा आहे आणि तेरावा महिना बहुतांशी माणसांच्या हिशेबाचा आहे. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर आहे. पुढचे निरूपण या एका भेदावर आहे, तेवढा मनात धरून ठेवावा.

आमच्या घरचे सांगतो. गाव बालाघाटच्या डोंगराखाली. १९७१ ला पाऊस ओढून आला होता, सुगी निम्मीच झाली. १९७२ साली अधिक वैशाख आला. अक्काचे लग्न आदल्या वर्षी झालेले, म्हणजे जावयाचा पहिलाच धोंडा. आईने पायातले चांदीचे तोडे मोडले आणि वाण केले. दादा म्हणाले, "मृगात पेरू, दिवाळीला सोडवू." मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पेरलेले उगवले नाही, उगवले ते करपले. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरायची पाळी आली. कडबा संपला, तेव्हा बैलजोडी बाजारात नेली. त्या बाजारात विकणारे शंभर आणि घेणारा एक होता. घराच्या बैलांचे मोल एका पोत्याएवढेही आले नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, आळंदीहून शिकून आलेला. पखवाज ठेवला आणि दादांबरोबर खडी फोडायला गेलो. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला.

पण खरे दुखणे पुढे आहे. १९७३ ला पाऊस चांगला झाला. नाले वाहिले, माळ हिरवे झाले. आणि आमच्याकडे बैल नव्हते. नांगरायचे कशाने? रान अर्धलीने दुसऱ्याला दिले. अर्धे धान्य त्याच्या घरी गेले, उरलेल्या अर्ध्यातून उधारी फेडायची. ते फिटेना, म्हणून बियाणे पुन्हा उसने. आभाळातून दुष्काळ एका वर्षात गेला, आमच्या घरातून जायला त्याला आणखी तीन वर्षे लागली.

तेव्हापासून मला कळले की संकटे जोडीने का येतात. ती ठरवून येत नाहीत. पहिले संकट घरातली शिल्लक खाऊन टाकते, आणि दुसरे संकट अडवायला जी शिल्लक लागते ती हीच असते. चारा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून पेरणी गेली, पेरणी गेली म्हणून कर्ज झाले, कर्जापायी रान गेले. कडीत कडी अडकलेली. भरल्या घरात एक बैल मेला तर दुसरा घेता येतो. रित्या घरात तोच बैल सगळे घर घेऊन जातो. येथे ग्रह नाही, साडेसाती नाही, कुणाचा शाप नाही. साखळी आहे.

माणसाच्या मनाला मात्र साखळी दिसत नाही. एकामागून एक घाव बसले की मन विचारते, हे कुणामुळे? आणि या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगावर जाऊन पडते.

२०१५ साली अधिक आषाढ होता. पाहा, नेमका आषाढ अधिक आल्याने त्या वर्षी वारी महिनाभर पुढे गेली, आषाढी एकादशी २७ जुलैला आली. मराठवाड्यातल्या एका गावी अधिक मासाचा सप्ताह होता, तेथे एका दिवसाच्या कीर्तनाला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो, ते जुने माळकरी. घरात भांडण नव्हते, पण घर गप्प होते. २०१४ च्या फाल्गुनात गारपीट झाली, त्यात त्यांचा हरभरा आणि गहू झोडपला गेला. त्या वर्षी पाऊस कमी. यंदा पेरणी झाली आणि पाऊस दडी मारून बसला, कोंब माना टाकू लागले. त्यातच चांगला बैल सर्पदंशाने मेला. यजमान ओसरीवर बसून मला म्हणाले, "महाराज, दुष्काळात तेरावा महिना." मी म्हटले, "खरे आहे, बाबा."

माजघरातून म्हातारीचा आवाज आला, "महिन्याला कशाला बोल लावता? पायगुण म्हणतात तो हाच."

ताट वाढणारी सून तिथेच थिजली. वीस वर्षांची पोर. २०१४ च्या वैशाखात लग्न होऊन आलेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. इतके दिवस ऐकून ते आटले असावे. मी यजमानांना हळूच विचारले, "गारा कधी पडल्या?" ते म्हणाले, "फाल्गुनात." "आणि लग्न?" "वैशाखात." मी म्हटले, "म्हणजे गारा पडल्या तेव्हा ही लेक आपल्या माहेरी होती." म्हातारी तेवढ्यात म्हणाली, "सोयरीक झाली होती ना!" असल्या तर्काला तोंड नसते. मी पुढे वाद घातला नाही. जेवलो आणि संध्याकाळी कीर्तनाला उभा राहिलो.

त्या रात्री तुकोबारायांचे चरित्र लावले. आपल्या सर्वांना ते पाठ आहे, पण या प्रश्नासाठी पुन्हा एकदा पाहा. देहूचे सुखवस्तू घर. महाजनकी, सावकारी, बाजारात पत. बोल्होबा आणि कनकाई एकापाठोपाठ गेली. थोरले बंधू सावजी यांची पत्नी गेली आणि ते विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले. कोवळ्या वयात सगळा भार तुकोबांच्या खांद्यावर आला. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याने दख्खन आणि गुजरात दोन्ही ओस पाडले. नुसता दुष्काळ नाही, वर फौजांची धामधूम. त्याच काळात आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरवल्याचे इतिहास सांगतो. तुकोबांचे दिवाळे निघाले. पत गेली. थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली. लेक संतू गेला. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे लपवलेले नाही. कुटुंब अन्न अन्न करत गेले याची त्यांना लाज वाटली, तेही त्यांनी सांगून ठेवले आहे.

मी श्रोत्यांना विचारले, "आता सांगा, हे कुणाच्या पायगुणाने झाले? रखुमाईच्या? ती तर स्वतःच उपाशी गेली. जिजाईच्या? तिने तर पुढचा सारा संसार ओढला, डोंगरावर भाकरी पोचवली. संतूच्या? ज्यांच्या घरावर आपत्तीचा एवढा डोंगर कोसळला, त्या तुकोबांनी घरातल्या एका तरी माणसाला पांढऱ्या पायाचे म्हटले काय? साडेचार हजारांवर अभंगांची गाथा आहे, शोधून दाखवा."

मंडपात कुणी हलले नाही. मग म्हटले, "तुकोबांनी दोष वाटला नाही. त्यांनी कर्जखते काढली. वडिलोपार्जित सावकारीची खते, ज्यांत आसपासच्या लोकांची देणी लिहिलेली. निम्मी धाकट्या कान्होबांना दिली, कारण त्यांच्या वाट्यावर आपला अधिकार नाही. आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली." वाचक माऊली, हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून सांगतो, तो आहेच. पण दुष्काळात ज्याच्या डोक्यावर ते खत होते, त्याच्या बाजूने पाहा. त्याचा तेरावा महिना त्या दिवशी इंद्रायणीत बुडाला. आभाळ तुकोबांच्या हातात नव्हते. खत हातात होते. जे हातात होते ते त्यांनी सोडले.

याला जोडून एक सांगितले पाहिजे, कारण कीर्तनकार मंडळी येथे पुष्कळदा घाई करतात. आपल्यावरच्या आपत्तीबद्दल तुकोबांनी पुढे देवाचे उपकारच मानले, त्या निमित्ताने मी तुझ्याकडे वळलो म्हणून. हे खरे. पण ते त्यांनी स्वतःच्या दुःखाविषयी म्हटले. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुझे वाटोळे झाले हे बरे झाले, आता देव भेटेल' असे ते कुणाला म्हणाले नाहीत. आपल्या दुःखाला गोड म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला. दुसऱ्याच्या दारी जाताना उपदेशाऐवजी पायली न्यावी.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी तेच केले. बेदरच्या बादशाहीचे ते कामगार, कोठारे सरकारी, किल्ली यांच्याकडे. दुष्काळात लोक दारी आले. पंतांना 'वरून हुकूम येऊ द्या' असे म्हणता आले असते. त्यांनी कोठार उघडले आणि शिक्षा पत्करली. पुढे पांडुरंग विठू महार होऊन दरबारी गेला आणि धान्याचे मोल भरून पावती घेऊन आला, ही कथा आपण गहिवरून ऐकतो. माझे म्हणणे एवढेच की देव पावती करायला आला तो कोठार उघडल्यावर. कुलूप पंतांनी काढले.

आणि हे केवळ जुन्या काळातच घडले असे नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारने जागोजाग कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. त्यांतले दोघे आम्ही बापलेक. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मागेल त्याला काम, ही जी रोजगार हमी योजना, तिच्यामागे वि. स. पागे होते. विधान परिषदेचे सभापती आणि संतवाङ्मयाचे मोठे अभ्यासक. १९६५ साली तासगाव भागात त्यांनी या विचाराचा प्रयोग करवला होता. १९७७ साली त्याचा कायदा झाला. काम कष्टाचे होते, हातांना फोड येत, मजुरी वेळेवर येईच असे नाही. पण आठवड्याला हातात काही पडले म्हणून आमचे रान गहाण पडले तरी विकले गेले नाही. साखळीच्या त्या एका कडीपाशी कुणीतरी उभे राहिले होते.

आणखी एक जण उभा राहिला होता. मघाशी अक्काच्या धोंड्याचे सांगितले. जावयाबरोबर आमचे व्याही आले होते. तेही पंढरीचे वारकरी. आईने वाण दिले, धोंडे वाढले. व्याह्यांची नजर आईच्या रित्या पायांकडे गेली असावी. ते काही बोलले नाहीत. वाणाचे ताट त्यांनी कपाळाला लावून घेतले, कारण नाकारले असते तर आईचा अपमान झाला असता. पंधरा दिवसांनी त्यांच्या गड्याने आमच्या दारात ज्वारीचे एक पोते आणून टाकले. निरोप एवढाच, "धोंड्याचे उलट वाण आहे. आमच्याकडे अशी रीत आहे." अशी रीत त्यांच्याकडे नव्हती, कुठेच नाही. ती त्यांनी त्या दिवशी पाडली. पुढे जुलै-ऑगस्टात आम्ही जे जगलो, ते त्या पोत्यावर.

आता अधिक मासाची कथा पाहा, म्हणजे हे सारे जुळेल. पुराणांतरी असे सांगतात की बारा महिन्यांना बारा स्वामी होते. या तेराव्याला संक्रांत नाही, म्हणून स्वामी नाही. त्याला मलमास म्हणून हिणवू लागले. मंगलकार्य त्यात नको, लग्न नको, मुंज नको. सर्वांनी टाकलेला तो महिना रडत वैकुंठाला गेला. विष्णूने त्याला गोलोकी श्रीकृष्णाकडे नेले. भगवंतांनी त्याला उपदेश केला नाही. त्याला आपले नाव दिले. पुरुषोत्तम मास. ज्याला कुणी नाव देईना, त्याला देवाने स्वतःचे नाव दिले. आता या महिन्यात पंढरीला पाय ठेवायला जागा नसते आणि वारकऱ्याच्या वर्षाला चोवीसच्या जागी सव्वीस एकादश्या होतात.

म्हण आणि कथा एकाच महिन्याची आहे. म्हण सांगते, हा महिना संकटावरचे संकट. कथा सांगते, हा महिना देवाचा. दोन्ही खरे कसे? मला वाटते, म्हण ज्याच्यावर वेळ आली त्याच्या तोंडची आहे, आणि कथा त्याच्या शेजाऱ्यासाठी आहे. या महिन्यात दानाचे एवढे माहात्म्य पूर्वजांनी का सांगितले? ज्यांचा तेरावा महिना जड आहे, त्यांच्याकडे ज्यांचा हलका आहे त्यांच्या घरातून काही जावे म्हणून. आपण मात्र तेहतीस अनारसे मोजून आधीच तृप्त असलेल्या जावयाला देतो आणि ज्या सालगड्याने तेरा महिने राबून बाराचे दाणे घेतले त्याला विसरतो. जावयाला द्यावे, रीत मोडू नये. पण एक ताट त्या गड्याच्या घरी जावे.

त्या गावच्या सुनेचे पुढे काय झाले, ते विचाराल. चमत्कार झाला नाही. काल्याच्या दिवशी सासूने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवले आणि प्रसाद आधी तिच्या हातावर ठेवला. एवढेच मला कुणीतरी नंतर सांगितले. आणि पुढे थोडाफार पाऊस झाला तेव्हा गावातल्या चार घरांनी आपापले बैल आणि तिफणी आणून त्या बैल मेलेल्या घराचे रान एका दिवसात पेरून दिले. जुन्या लोकांचा याला शब्द आहे, इर्जिक. सगळ्यांनी मिळून एकाचे रान करून द्यायचे, त्याने फक्त भाकरी खाऊ घालायची. ट्रॅक्टर आल्यापासून हा शब्द ऐकू येत नाही. २०१५ चे वर्ष वाईटच गेले. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्या रानात पीकही बेताचेच आले असेल. पण बैल गेला म्हणून पेरणी गेली, ही एक कडी तेथे तुटली.

संकटे पुढेही जोडीनेच येतील. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि सारा ऑगस्ट देशभर कोरडा गेला, १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. हवामान बदलते आहे, आभाळाचा भरवसा पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. म्हणून ही म्हण आपल्या कानावर येत राहणार. कुणी ती आपल्यापाशी उच्चारली तर 'कर्म' म्हणून सुस्कारा सोडू नये आणि घरातली कुणाची पावले तपासू नयेत. तिथे बसावे आणि विचारावे, "यातले माझ्याने काय अडेल?" बैल असेल तर बैल द्यावा, खत असेल तर फाडावे, कोठाराची किल्ली असेल तर ती फिरवावी. काहीच नसेल तर त्या माणसाशेजारी बसून नाम घ्यावे, तेही थोडे नाही. संतांनी आपल्याला एवढीच वाट घालून दिली आहे. ती वारीच्या वाटेपेक्षा वेगळी नाही.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!